उजवीकडे ४ असताना: एका वर्गसमीकरणाचे प्रकरण

दहावीच्या वर्गसमीकरणांच्या वह्यांत एक उत्तर पुन्हा पुन्हा सापडते. प्रश्न असा: (क्ष − २)(क्ष − ५) = ४ हे समीकरण सोडवा. उत्तर तीन ओळींत संपलेले असते.

(क्ष − २)(क्ष − ५) = ४
क्ष − २ = ४ किंवा क्ष − ५ = ४
क्ष = ६ किंवा क्ष = ९

मांडणी स्वच्छ आहे, ‘किंवा’ जागच्या जागी आहे, बेरजाही बरोबर आहेत. आता ताळा करू. क्ष = ६ ठेवले की ४ × १ = ४, म्हणजे जुळले. क्ष = ९ ठेवले की ७ × ४ = २८, म्हणजे चुकले. आणि क्ष = १ ठेवून पाहिले, तर (−१) × (−४) = ४. हे उत्तर बरोबर आहे, पण वहीत त्याचा पत्ताच नाही.

एक मूळ बरोबर, एक चूक आणि एक गहाळ. या तिघांतले सर्वांत घातक आहे ते बरोबर आलेले ६. विद्यार्थी पहिल्या उत्तराचा ताळा करतो, तो जुळतो, आणि दुसऱ्याचा करायची गरज त्याला वाटत नाही. तपासणाराही घाईत असेल तर ६ पाहून अर्धे गुण देऊन टाकतो. मग रीत चुकीची असल्याचे कुणालाच कळत नाही, आणि तीच रीत पुढच्या इयत्तेत जाते.

दुसरी ओळ आली कुठून

विद्यार्थ्याने ती मनाने रचलेली नाही. आदल्या दिवशी फळ्यावर (क्ष − २)(क्ष − ५) = ० होते आणि खाली क्ष − २ = ० किंवा क्ष − ५ = ० असे लिहिलेले होते. त्याने साचा उचलला: उजवीकडे जे असेल ते प्रत्येक कंसासमोर लिहायचे. शून्याच्या जागी ४ आल्यावर त्याने साच्यात फक्त संख्या बदलली. साचा उचलला, पण साचा कशामुळे चालतो ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. सरावाची सगळी उदाहरणे उजवीकडे शून्य ठेवूनच छापलेली असतील, तर पोहोचणार तरी कसे?

कारण दिसायला दोन यादी पुरतात. ज्यांचा गुणाकार ४ येतो अशा जोड्या लिहा: १ आणि ४, २ आणि २, ८ आणि १/२, −१ आणि −४, १०० आणि ०.०४. यादी संपत नाही. एक संख्या शून्य सोडून काहीही घ्या, तिची जोडीदार मिळते. म्हणून ‘गुणाकार ४ आहे’ एवढ्या माहितीवरून दोघींपैकी कोणत्याही एकीबद्दल, ती शून्य नाही यापलीकडे, काही सांगता येत नाही. आता गुणाकार ० येतो अशा जोड्या लिहा: ० आणि ७, −३ आणि ०, ० आणि ०. यादी हीसुद्धा संपत नाही, पण प्रत्येक जोडीत शून्य बसलेलेच आहे. दोन अज्ञात संख्यांच्या गुणाकारावरून त्या संख्यांपैकी एकीची नेमकी किंमत सांगू शकणारी संख्या एकच आहे: शून्य. अवयव पद्धती सगळी याच एका गोष्टीवर उभी आहे.

सिद्धता दोन ओळींची आहे आणि ती वर्गात करून दाखवायलाच हवी. अ × ब = ० आहे असे धरा. अ शून्य असेल तर प्रश्नच मिटला. अ शून्य नसेल तर १/अ ही संख्या अस्तित्वात आहे. तिने दोन्ही बाजूंना गुणले की डावीकडे ब उरते आणि उजवीकडे ०. म्हणजे ब = ०. हेच काम अ × ब = ४ वर केले तर हाती येते ब = ४/अ, आणि यातून ब कळत नाही; ब हा अ वर अवलंबून आहे एवढेच कळते.

या सिद्धतेतला कणा ‘१/अ अस्तित्वात आहे’ हा आहे. तो काढून घेतला की नियमही जाऊ शकतो. बारा तासांच्या घड्याळाचे गणित घ्या, ज्यात १२ म्हणजे ०. तिथे ३ × ४ = ०, आणि दोघांतले एकही शून्य नाही. तिथे (क्ष − २)(क्ष − ३) = ० या समीकरणाला २ आणि ३ ही दोन मुळे आहेतच, शिवाय ६ आणि ११ हीसुद्धा आहेत: ६ ला ४ × ३ = १२ आणि ११ ला ९ × ८ = ७२, दोन्ही बाराच्या पटीत. वर्गसमीकरणाला चार मुळे! वास्तव संख्यांत असे होत नाही, ते या नियमामुळेच.

रीतसर उकल, आणि तिच्यातले खड्डे

पहिले काम कंस उघडण्याचे. क्ष² − ५क्ष − २क्ष + १० म्हणजे क्ष² − ७क्ष + १०. समीकरण झाले क्ष² − ७क्ष + १० = ४. ‘अवयव तर दिलेलेच आहेत, ते मोडायचे कशाला?’ असा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे की दिलेले अवयव या समीकरणाच्या कामाचे नाहीत. ते क्ष² − ७क्ष + १० चे अवयव आहेत. आपल्याला शून्याइतकी असलेली राशी हवी आहे, आणि ती वेगळी आहे.

दुसरे काम, दोन्ही बाजूंतून ४ वजा करणे: क्ष² − ७क्ष + ६ = ०. ‘४ इकडे आणला’ एवढेच म्हणत काम करणारे इथे चिन्ह विसरतात आणि क्ष² − ७क्ष + १४ = ० लिहितात. मग गुणाकार १४ आणि बेरीज −७ असलेली जोडी शोधत बसतात. ती मिळणारच नाही, कारण विवेचक (जो ऋण आला तर वास्तव मुळे नसतात) ४९ − ५६ = −७ येतो, म्हणजे वास्तव मुळेच नाहीत. जोडी सापडत नसेल तेव्हा आधी मागची ओळ तपासावी, हे सांगून ठेवलेले बरे.

तिसरे, मधल्या पदाची फोड. गुणाकार ६, बेरीज −७: जोडी −१ आणि −६. क्ष² − ६क्ष − क्ष + ६ = क्ष(क्ष − ६) − १(क्ष − ६). दुसऱ्या कंसात क्ष + ६ लिहिणे ही इथली ठरलेली चूक. बाहेर −१ काढल्यावर आतले +६ हे −६ होते. दोन्ही कंस सारखे दिसत नसतील तर पुढे जाऊ नये.

शेवटी (क्ष − ६)(क्ष − १) = ०. उजवीकडे शून्य आहे, आता साचा चालतो. क्ष = ६ किंवा क्ष = १. इथे ‘आणि’ लिहिणे चूक आहे, कारण एकच क्ष एकाच वेळी ६ आणि १ असू शकत नाही. समीकरणाच्या पुढे मोकळी संख्या उरली असेल, जसे २(क्ष − ६)(क्ष − १) = ०, तर काही जण तिसरे उत्तर म्हणून क्ष = २ लिहितात. २ हा अवयव कधीच शून्य होत नाही, त्यामुळे तो मूळ देत नाही.

याच उकलीत एक आडवाट आहे. क्ष² − ७क्ष + १० = ४ वरून विद्यार्थी १० पलीकडे नेतो: क्ष² − ७क्ष = −६, मग क्ष(क्ष − ७) = −६, आणि पुन्हा तोच साचा: क्ष = −६ किंवा क्ष − ७ = −६, म्हणजे क्ष = १. ताळा करा. १ × (−६) = −६, जुळले! −६ ला मात्र (−६) × (−१३) = ७८. म्हणजे एकाच चुकीच्या रीतीने एका वहीत ६ बरोबर आले आणि शेजारच्या वहीत १ बरोबर आले. दोघांनी उत्तरे पडताळून पाहिली तर दोघेही गोंधळात पडतील.

६ बरोबर का आले

याला योगायोग म्हणून सोडून देऊ नये. उजवीकडच्या संख्येला क म्हणू: (क्ष − २)(क्ष − ५) = क. चुकीची रीत पहिल्या कंसावरून क्ष = २ + क देते. ती किंमत ठेवली की पहिला कंस क होतो आणि दुसरा क − ३. उत्तर बरोबर येण्यासाठी हवे:

क(क − ३) = क

दोन्ही बाजूंना क ने भागले की क − ३ = १, म्हणजे क = ४. नेमका आपला प्रश्न. दुसरा कंस १ होतो, आणि १ ने गुणून काही बदलत नसल्यामुळे चुकीची रीत पकडली जात नाही.

पण वरच्या ओळीत क ने भागताना काय हरवले ते पाहा. क शून्य असेल तर भागताच येत नाही. भागण्याऐवजी सगळे एका बाजूला आणले तर क(क − ३) − क = ०, म्हणजे क(क − ४) = ०, आणि क = ० किंवा क = ४. हरवलेले उत्तर क = ० हेच तर मुख्य होते: उजवीकडे शून्य असताना ही रीत बरोबर आहे! साचा कधी चालतो हे शोधतानाच, भागाकाराच्या एका घाईने, साच्याचा खरा आधार हातून निसटतो.

दुसऱ्या कंसावरून क्ष = ५ + क; तेव्हा पहिला कंस क + ३ होतो. क(क + ३) = क, म्हणजे क(क + २) = ०, म्हणून क = ० किंवा क = −२. −२ घेऊन पाहा: (क्ष − २)(क्ष − ५) = −२ ला चुकीची रीत ० आणि ३ देते; ३ बरोबर आहे, ० चूक. खरी मुळे ३ आणि ४. आता सगळे चित्र स्पष्ट होते: क = ० असताना दोन्ही उत्तरे बरोबर, क = ४ किंवा −२ असताना एक बरोबर, आणि उरलेल्या कोणत्याही क ला एकही नाही.

उरलेल्यांपैकी काही पाहून घ्या. क = १० घेतले तर क्ष² − ७क्ष = ०, मुळे ० आणि ७; चुकीची रीत १२ आणि १५ देते. क = १८ ला क्ष² − ७क्ष − ८ = ०, मुळे ८ आणि −१; चुकीची रीत २० आणि २३. क = −३ ला विवेचक ४९ − ५२ = −३, वास्तव मूळ एकही नाही, तरीही चुकीची रीत बेधडक −१ आणि २ लिहून मोकळी होते. खऱ्या मुळांची बेरीज मात्र प्रत्येक वेळी ७ आहे: ६ + १, ३ + ४, ० + ७, ८ − १. क बदलल्याने फक्त स्थिरपद बदलते, क्ष चा सहगुणक −७ तसाच राहतो, म्हणून बेरीज हलत नाही. आलेखात हे एका नजरेत दिसते. (क्ष − २)(क्ष − ५) चा वक्र ३.५ भोवती सममित आहे, त्याचा तळ −२.२५ वर आहे. क उंचीवर आडवी रेषा मारली की ती ३.५ पासून सारख्याच अंतरावर डावी-उजवीकडे छेदते. −२.२५ च्या खाली रेषा वक्राला भेटतच नाही. चुकीच्या रीतीची ६ आणि ९ यांची बेरीज १५ येते. सहगुणकाकडे एक नजर टाकली असती तरी चूक सापडली असती.

भागून घालवलेले शून्य

क ने भागण्याची घाई वर दिसली, तीच क्ष² = ५क्ष मध्ये दिसते. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहिले जाते आणि ० हे मूळ जाते. (क्ष − ३)(क्ष + ४) = २(क्ष − ३) मध्ये तर समान कंस ‘कापण्याचा’ मोह आणखी मोठा. कापला तर क्ष + ४ = २, क्ष = −२ एवढेच उरते. एका बाजूला आणले तर (क्ष − ३)(क्ष + ४ − २) = ०, म्हणजे (क्ष − ३)(क्ष + २) = ०, आणि ३ सुद्धा मिळते. चल असलेल्या राशीने भागायचेच असेल तर आधी लिहायला हवे: ही राशी शून्य असेल तर काय होते? बहुतेक वेळा हरवलेले मूळ तिथेच बसलेले असते. काहींना ‘क्ष = ०’ हे उत्तरच वाटत नाही, जणू काही मिळालेच नाही; त्यांना क्ष² = ५क्ष मध्ये ० ठेवून ताळा करायला लावावा.

शून्याने भागण्याची अडचण आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्यासह बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले; शून्य भागिले शून्य मात्र त्याने शून्य मानले. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तीनने गुणले, शून्याने भागले, तर ६३ आले, संख्या कोणती? भास्कराचार्यांचा नियम असा की पुढे क्रिया उरल्या असतील तर शून्य हा गुणक तसाच ठेवावा आणि पुढे भाजकातही शून्य आले तर संख्या अविकृत मानावी. त्याप्रमाणे दीडपट, मग तिप्पट, म्हणजे साडेचारपट ६३, आणि उत्तर १४. शून्याच्या जागी अतिशय लहान, पण शून्य नसलेली राशी धरली तर हे उत्तर चोख आहे. शून्य हे खरोखर शून्य धरले तर कोणतीही संख्या त्याने गुणून ० च होते, आणि ० वरून मूळची संख्या १४ होती की १,४०० हे परत कळत नाही. क्ष ने ‘कापणे’ इथेच फसते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशातल्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

शून्य मिळाले म्हणजे ‘= ०’ लिहिण्याची रीत लगेच मिळाली, असेही झाले नाही. भास्कराचार्य अव्यक्त (अज्ञात राशी) एका पक्षात, म्हणजे बाजूला, आणि व्यक्त (माहीत असलेल्या) संख्या दुसऱ्या पक्षात ठेवून वर्ग पूर्ण करत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने समीकरणांचे सहा प्रकार पाडले, कारण दोन्ही बाजूंना धन पदेच ठेवायची असत. ‘वर्ग आणि संख्या मिळून मुळांइतके’ हा एक प्रकार, ‘वर्ग आणि मुळे मिळून संख्येइतके’ हा दुसरा. सगळी पदे एका बाजूला आणून त्यांच्या अवयवांचा गुणाकार शून्याशी जोडणे ठळकपणे दिसते ते इंग्रज गणिती थॉमस हॅरिअटच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलेल्या ग्रंथात आणि फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या ‘भूमिती’ या ग्रंथात. देकार्त क्ष − २ = ० आणि क्ष − ३ = ० यांचा गुणाकार करून क्ष² − ५क्ष + ६ = ० मिळवतो, त्याला क्ष − ४ ने गुणून तिसऱ्या घाताचे क्ष³ − ९क्ष² + २६क्ष − २४ = ० मिळवतो, आणि त्याची मुळे २, ३, ४ असल्याचे दाखवतो. ब्रह्मगुप्तापासून हजार वर्षांनी! जी गोष्ट सुचायला इतका काळ गेला, ती विद्यार्थ्याला फळ्यावरची एक ओळ पाहून आपोआप उमजेल अशी अपेक्षा धरू नये.

वर्गात काय करावे

‘उजवीकडे शून्य हवेच’ असे लाल शाईने लिहून देण्याचा उपयोग थोडा होतो. त्याऐवजी विद्यार्थ्याच्याच तीन ओळी समोर ठेवून त्याला ९ चा ताळा करायला लावावा, मग ४ गुणाकाराच्या पाच जोड्या लिहायला सांगाव्यात, त्यांत एक ऋण जोडी हवीच. −१ आणि −४ ही जोडी लिहिली गेली की क्ष = १ तो स्वतःच शोधतो. त्यानंतर क च्या जागी ०, ४, १०, १८, −२, −३ ठेवून सहाही समीकरणे एकापाठोपाठ सोडवून घ्यावीत. एकच डावी बाजू आणि बदलती उजवी बाजू असल्यामुळे लक्ष हवे तिथेच राहते.

ताळ्यावर मात्र सगळा भरवसा ठेवू नये. (क्ष + ३)(२ − क्ष) = ४ हे समीकरण चुकीच्या रीतीने सोडवा: क्ष + ३ = ४ वरून क्ष = १, आणि २ − क्ष = ४ वरून क्ष = −२. ताळा: ४ × १ = ४ आणि १ × ४ = ४. दोन्ही उत्तरे बरोबर, एकही हरवलेले नाही, आणि रीत साफ चूक! अशी समीकरणे हवी तेवढी बनवता येतात. प आणि फ ही मुळे हवी असतील तर (१ + फ − क्ष)(१ − प + क्ष) = १ − प + फ लिहा; चुकीची रीत नेमकी प आणि फ देईल, कारण प्रत्येक वेळी दुसरा कंस १ होतो. अशा वहीत उत्तराला गुण द्यायचे की नाहीत यापेक्षा दुसऱ्या ओळीचे कारण विचारणे महत्त्वाचे आहे. कारण सांगता आले नाही तर त्याच समीकरणात ४ च्या जागी ५ लिहून द्यावे. तो क्ष + ३ = ५ वरून २ आणि २ − क्ष = ५ वरून −३ काढेल. मग ताळा: २ ठेवले की ५ × ०, −३ ठेवले की ० × ५. पाच यायला हवे होते, आणि दोन्ही वेळा शून्य आले.